कानामागची पट्टी

ज्या माणसाला मी घरी पाणीसुद्धा विचारलं नसतं, त्याला ‘दातृत्वाचा वटवृक्ष’ म्हणायला मला पाऊण तास पुरायचा. हा माझा धंदा होता आणि मी त्यात वाकबगार होते. एकसष्टीचं मानपत्र, लग्नाची मंगलाष्टकं, शोकसभेत वाचायची श्रद्धांजली, पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका. सांगली-मिरजेत कुणाचं लग्न ठरलं, कुणी निवृत्त झालं किंवा कुणी गेलं, की वासंती मगदूमला फोन यायचा.

तरीही लोक विचारत, “तुम्ही काय करता?” मी सांगायचे, “लिहिते.” त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, “ते झालंच, पण काम काय करता?”

माझी लेक शाल्मली चार वर्षांची असताना तिचे बाबा मस्कतला गेले आणि तिथलेच झाले. या न-कामावरच मी तिला वाढवलं. नोकरदाराला एक साहेब असतो. माझ्यासारखीला जो फोन करेल तो साहेब. चातुर्मासात लग्नं नाहीत म्हणून मंगलाष्टकं नाहीत, आणि पितृपक्षात माणसं मरतात पण सत्कार कुणी घेत नाही. मग दिवाळी अंकांची मुद्रितं तपासायची, साबणाच्या जाहिराती लिहायच्या आणि तुळशीचं लग्न कधी लागतंय याची वाट बघायची. त्या लग्नाची वाट वधूपित्यांपेक्षा मीच जास्त पाहिली असेल.

माझी कामाची एक पद्धत होती. कुठल्याही घरी गेले की चहा होईपर्यंत एकच मागायची: माणसाबद्दल एक खरी गोष्ट सांगा. लोक आधी त्याचे गुण सांगतात. ते ऐकून घ्यायचे आणि सोडून द्यायचे. मग कुणीतरी आत्या हसत सांगते की नवरदेव लहानपणी बेसनाचा लाडू उशाखाली घेऊन झोपायचा. झालं. तो लाडू तिसऱ्या ओळीत बसवला की मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. मला स्वतःला काही वाटायचं नाही. सुतार पाळणा करताना रडत रडत रंधा मारत नाही.

मग यंत्रं लिहू लागली. लाडू सांगा, नावं सांगा, निमिषात आठ कडवी, वृत्तात चोख आणि फुकट. दोन लग्नसराया माझा फोन वाजला नाही. एक गिऱ्हाईक आलं, ते यंत्राचा मजकूर घेऊन. म्हणालं, “याला जरा माणसाचा वास लावून द्या.” मी लावून दिला. आठवीच्या पोरांची मराठीची शिकवणी घेतली आणि शाल्मलीला सांगितलं की मला मुलांमध्ये रमायला आवडतं. साफ खोटं होतं ते.

आणि मग ‘ओलावा’ आला. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात ना, तसा शब्दशः कानामागून.

त्यामागचं शास्त्र डॉक्टरांना जुनंच ठाऊक होतं. मेंदूच्या बुडातून एक लांबलचक नस निघते. तिचं नाव व्हेगस. ती गळ्यातून उतरते, काळजाला फांद्या देते आणि पोटात जाऊन पसरते. आपला गळा दाटतो, काळीज हलतं, पोटात कालवतं. आपल्या भाषेने या नसेच्या रस्त्यावरची सगळी गावं कधीच नोंदवून ठेवली आहेत. याच नसेची एक बारीक फांदी कानाकडे येते. तिथे, कानामागे, करंगळीच्या नखाएवढी ‘ओलावा’ची पट्टी चिकटवायची. नसेतले प्रवाह आणि काळजाचे ठोके ती टिपते आणि तुम्ही लिहीत असताना शब्दाशब्दागणिक नोंदवत जाते, की हा शब्द लिहिताना या देहात काही हललं की नाही. खोटं रडून भागत नाही. डोळ्यांत पाणी आणता येतं, नस हलवता येत नाही.

त्यावरून मजकुराला गुण मिळायचे, शंभरपैकी. लोक त्या गुणांना ‘ओल’ म्हणू लागले. साठच्या वर ओल असेल तर मजकुरावर शिक्का यायचा: माणसाने लिहिले, मनापासून लिहिले. यंत्राच्या फुकट कवितांना विटलेल्या लोकांनी तो शिक्का असा उचलून धरला की विचारू नका. कार्यालयात अंतरपाटाच्या बाजूला पडदा आला. त्यावर मंगलाष्टकाच्या ओळी आणि खाली हिरवी रेघ, लिहिणाऱ्याच्या काळजाची. भिंतीला ओल आली की माणसं घरमालकाला शिव्या देतात. मंगलाष्टकाला ओल आली की पेढे वाटू लागली.

फोन पुन्हा वाजला. माझं पहिलं काम एका पतसंस्थेच्या अध्यक्षांचं मानपत्र. मी पट्टी लावली, सराईतपणे लिहिलं, वाचलं तर उत्तम उतरलं होतं. ओल आली अकरा. त्यातलेही निम्मे खिडकीत मांजराने उडी मारली म्हणून असावेत.

मी तशीच भालचंद्र नेर्लेकरांकडे मिरजेला गेले. नेर्लेकर माझ्याच धंद्यातले. पंधरा वर्षं आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली आणि एकाच हॉटेलात चहा प्यालो. एकटा माणूस, जिभेने तिखट, वृत्तात पक्का.

“अकरा?” ते हसले. “बरे आलेत की ओ. मला पहिल्यांदा सात होते.”

“मग आता?”

“आता ऐंशीच्या खाली येत नाही.” त्यांनी बशीत चहा ओतला. “पट्टीला काय कळतं, बाई? गळा दाटला एवढं कळतं. कुणासाठी दाटला, ते कुठं कळतंय? तुम्ही अध्यक्षांचं लिहा आणि मनात दुसऱ्या कुणाला तरी आणा. ज्याच्यासाठी आपोआप दाटतो, त्याला.”

“ही लबाडी झाली.”

“आणि आजवर दातृत्वाचा वटवृक्ष लिहिलात ते काय होतं?”

घरी आले, पट्टी लावली आणि मनात शाल्मलीला आणलं.

ती सात वर्षांची होती त्या साली कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. खालचा मजला बुडाला. आम्ही वरच्या खोलीत कॉटवर, आणि पाणी जिन्याच्या पायऱ्या एकेक करून वर येत होतं. शाल्मलीला तान्ही असल्यापासून एक सवय होती. झोपताना तिला माझ्या उजव्या कानाची पाळी चिमटीत धरायला लागायची. त्या संध्याकाळी तिने कान धरला आणि म्हणाली, “आई, तू जागी राहा. मी झोपते.” आणि खरंच झोपली. रात्री पाणी खोलीतही आलं. माझा पाय कॉटवरून खाली गेला तर पाण्याला लागत होता, आणि ही पोर माझ्या भरवशावर घोरत होती. सकाळी होडी आली तेव्हाही तिने कान सोडला नव्हता. एवढा भरवसा माझ्यावर त्याआधी कुणी टाकला नव्हता, नंतरही नाही. तो आठवला की माझ्या छातीत काहीतरी उलटंपालटं व्हायचं.

अध्यक्षांच्या मानपत्राला त्र्याण्णव ओल आली. सत्काराच्या सभेत अध्यक्ष रडले, त्यांच्या सूनबाईही रडल्या. त्या सुनेने सासऱ्याचं आयुष्यात पहिल्यांदा कौतुक ऐकलं असावं.

त्यानंतर माझे दिवस पालटले. मी कुठल्या कुठल्या माणसांसाठी तो पूर आणला, सांगायची सोय नाही. हळदीच्या व्यापाऱ्याची श्रद्धांजली, नगरसेवकाचा गौरव, पुण्याच्या कुणा जोडप्याची पंचविशी. पट्टी लावायची, डोळे मिटायचे, पाणी जिन्यात आणायचं, कान पुढे करायचा. तिने कान धरला की लिहायला लागायचं. मी विश्रामबागेला दोन खोल्यांचं घर घेतलं. बायका रस्त्यात थांबवून म्हणायच्या, “तुमच्या लेखणीत काय ओलावा आहे हो.”

नेर्लेकरांनी एकदा विचारलं, “कोण कोण वापरता?”

“एकच. शाल्मली.”

त्यांचा हात कपावरच थांबला. “एकच? अहो, मी फेरपालट करतो. एकदा आई, एकदा धाकटा भाऊ, एकदा शाळेतले जोशी मास्तर. मग वर्षभर आईला हात लावत नाही. तुम्ही ऊस लावलाय, बाई. तोही बारमाही. जमीन क्षारपड होईल.”

“माझ्या जमिनीची काळजी मला आहे.”

“आपल्याकडं उसाचा प्रत्येक बागाईतदार असंच म्हणत होता,” ते म्हणाले.

मी ऐकलं नाही. त्र्याण्णव येत असताना कोण ऐकतं? पुढे ते एक्क्याऐंशी झाले, मग त्र्याहत्तर. मला वाटलं पट्टी जुनी झाली. नवी आणली. तिने सदुसष्ट दाखवले.

तेव्हा मी डॉक्टरांनी लिहिलेलं वाचलं. आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते. ती प्रत्येक वेळी बाहेर काढली की मेंदू तिला नव्याने घडवतो आणि मग परत ठेवतो. घाबरलेल्या माणसाची भीती घालवायला डॉक्टर हेच करतात. सुखरूप खोलीत बसवून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा आठवायला लावतात. प्रसंग राहतो, त्याची कळ जाते. मी माझ्या लेकीवर तोच उपचार करत होते, पंख्याखाली बसून, दुसऱ्यांच्या वाढदिवसांसाठी. साबणाची वडी झिजत आली की वास तेवढा राहतो, फेस येत नाही. मला पूर अगदी लख्ख आठवत होता. जिना, कॉट, होडीवाल्याचा लाल सदरा. मात्र त्याने काहीच होत नव्हतं.

अशात शाल्मलीचं लग्न ठरलं. मुलगा नाशिकचा, तन्मय, तिच्याच कचेरीतला. साधा, मान खाली घालून हसणारा. मला आवडला, म्हणजे आवडायला हरकत नव्हती.

ती रविवारी दुपारी माझ्या टेबलाच्या कडेला येऊन बसली. मी कुणाचं तरी मानपत्र लिहीत होते.

“आई, मंगलाष्टक तू लिहायचंस.”

“मग काय दुसरं कोण लिहिणार?”

“तसं नाही. पट्टी लावून. पडद्यावर रेघ दाखवून. तन्मयच्या आईने सगळ्यांना सांगून ठेवलंय की आमच्या विहीणबाईंची ओल नव्वदच्या घरात असते.” ती माझी पेन्सिल घेऊन फिरवत राहिली. “आणि मला ती हवीय. ती रेघ. छापून, चौकट करून नाशिकला न्यायचीय.”

“रेघ कशाला चौकटीत लावायची?”

“हसू नकोस हं.” ती माझ्याकडे न बघता बोलली. “तू सगळ्या सांगलीसाठी रडलीस. मी दाराआडून बघायचे. लहान होते तेव्हा नाही, आता, एवढ्यात. कुठल्या कुठल्या माणसांसाठी तुझा चेहरा कसा व्हायचा. आणि बाहेर येऊन मला म्हणायचीस, कुकर लाव. मला कधी कधी वाटतं, तुझं सगळं तिकडेच संपतं. म्हणून मला एकदा बघायचंय, माझ्यासाठी किती आहे ते.”

तो चेहरा तिच्यासाठीच व्हायचा, हे तिला सांगण्याची ती वेळ होती. मी म्हणाले, “लिहीन की.” आणि तिने कुकर लावला.

मी लिहायला बसले. वृत्त चोख, शब्द नेमके. ओल आली चौदा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. नऊ.

मी घाबरले. माझ्या आईचं जाणं काढून बघितलं, पण तिच्यासाठी मी पोटभर रडून मोकळी झाले होते. अडतीसच्या वर गेलं नाही. मग आठवणी सोडल्या आणि समोर हिंडणाऱ्या शाल्मलीकडेच बघत बसले. ती हातावर मेंदीचे नमुने लावून बघायची, फोनवर हसायची, जेवताना अजूनही पोळीचा पापुद्रा आधी खायची. पापुद्रा दिसला की माझ्या डोक्यात लगेच यायचं, हा चौथ्या ओळीत बसेल. मला माझी मुलगी दिसेनाशी झाली होती. मला कच्चा माल दिसत होता.

तीनशे माणसांसमोर पडद्यावर ती सपाट रेघ पडणार होती. माणसांचं मला काही नव्हतं. शाल्मली ती चौकट करून न्यायची म्हणाली होती.

मी मिरजेला गेले आणि पर्समधून पट्टी काढून नेर्लेकरांसमोर ठेवली.

“हे काय?”

“माझी पट्टी. ती कान ओळखत नाही, नोंदवलेलं नाव ओळखते. तुम्ही लावा आणि शाल्मलीचं मंगलाष्टक लिहा. शिक्का माझ्या नावाचा येईल.”

त्यांनी पट्टी बोटाने माझ्याकडे परत सरकवली. “बाई, गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी. पोटच्या पोरीला असं...”

“मीही गिऱ्हाईकच आहे. दर सांगा.”

“दराचं काढू नका माझ्यासमोर.” ते खरोखर चिडले. उठून आत गेले, परत आले, समोर बसले. आणि मग धंदेवाईक माणसासारखा सुस्कारा सोडून म्हणाले, “सांगा. पोरीची एक खरी गोष्ट.”

मी पुराचं सांगितलं. कॉट, जिना, कान, होडी. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही.

नेर्लेकरांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. “हे तुम्ही वाण्याला यादी सांगावी तसं सांगताय.”

“म्हणून तर तुमच्याकडे आले.”

लग्न मिरजेच्या एका कार्यालयात झालं. अंतरपाट धरला. पडद्यावर माझं नाव आलं, खाली शिक्का. गाणाऱ्या मुलीने सूर लावला.

‘कानाला धरुनी निजे चिमुकली, पाणी उशाला जरी,
बोटांची उब ठेवुनी मजकडे, जाते सुखे सासरी.’

हिरवी रेघ ‘कानाला’ शब्दावरच उसळली आणि ‘सासरी’पर्यंत खाली आली नाही. चौऱ्याण्णव. मांडवात कुणीतरी हुंदका दिला. विहीणबाईंनी माझ्याकडे वळून हात जोडले. अंतरपाटापलीकडे शाल्मलीचे खांदे हलत होते. मी दोन ओळी मनात तपासल्या. यती बरोबर जागी होती, ‘मजकडे’ जरा जुनं वाटत होतं, पण चालून जाणारं. अक्षता टाकल्या.

जेवणाच्या दालनात नेर्लेकर ताट घेऊन कोपऱ्यात उभे होते. मी त्यांच्यापाशी गेले.

“फार छान झालं,” मी म्हणाले.

“हं.”

“कुणाला आणलंत मनात? आईंना?”

त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. “आई संपली. भाऊही संपला. जोशी मास्तर तर गेल्याच साली. फेरपालट करूनही जमीन तेवढीच असते की.”

“मग?”

“मोत्याला.”

“मोत्या कोण?”

“कुत्रा आमचा. मी नऊ-दहा वर्षांचा असताना होता. म्हातारा झाला तेव्हा वडिलांनी त्याला पोत्यात घालून अंकलीच्या पुलापलीकडे सोडलं. चार दिवसांनी परत आला, माझ्या अंथरुणापाशी आला आणि तिथंच गेला.” त्यांचा आवाज अगदी कोरडा होता. “कधी वापरला नव्हता. जपून ठेवला होता. म्हटलं, तुमच्या पोरीचं लग्न आहे.”

मला हसू आलं आणि रडू यायला हवं होतं. दोन्ही अर्धवट राहिलं. ज्या रेघेची शाल्मली चौकट करणार होती, ती एका म्हाताऱ्या कुत्र्याची होती, आणि त्या कुत्र्याने तरी आपल्या माणसाकडे परत यायचे कष्ट घेतले होते.

“पट्टी खिशात आहे माझ्या. देऊ का?” नेर्लेकरांनी विचारलं.

“नंतर,” मी म्हणाले, कारण शाल्मली आमच्याकडे येत होती. शालू सावरत, मुंडावळ्या डोळ्यांवरून बाजूला करत, वाटेत थांबवणाऱ्या कुणाकडेही न बघता. डोळ्यांतलं काजळ पार गालावर आलं होतं. आली ती सरळ माझ्या गळ्यात पडली.

“मला वाटायचं तू विसरलीस,” ती माझ्या खांद्यात बोलली. “पूर, तो कान, सगळंच. मला वाटायचं तुझ्यासाठी तो नुसता एक प्रसंग असेल. मी किती मूर्ख आहे, आई.”

नेर्लेकरांनी तोंड फिरवलं.

“गप,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आणि मग तिचा हात वर आला. मेंदीचा, ओलसर, हिरव्या चुड्याचा. तिने माझ्या उजव्या कानाची पाळी चिमटीत धरली. दहाव्या वर्षी ही सवय सुटली होती, त्यानंतर आज पहिल्यांदा. बोटं मोठी झाली होती, पण धरण्याची रीत तीच, अंगठा मागून.

माझ्या छातीत काहीतरी उलटलं. गळा आवळला, पोटात खड्डा पडला. त्या नसेच्या रस्त्यावरची सगळी गावं एकदम जागी झाली. ही आठवण नव्हती. हे आत्ता होत होतं, कोरं, कुठेही न वापरलेलं. पंचाण्णव तरी. जास्तच. हे जपून वापरलं तर आणखी सात-आठ वर्षं सहज निघतील.

माझा हात आपसूक वर गेला, कानामागे. तिथे पट्टी नव्हती. मी तरी चाचपत राहिले, तिच्या बोटांच्या आजूबाजूला.

शाल्मलीला वाटलं, मी तिचा हात धरतेय. तिने माझी बोटं आपल्या बोटांत घट्ट घेतली आणि कान सोडला नाही.